मुलाचे वय उणे एक!

दहावीच्या गणित भाग १ मधले पहिलेच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे आहे. जूनमध्ये शाळा उघडली की मुले सर्वांत आधी याच प्रकरणाला भिडतात आणि अनेक घरांत गणिताचा फैसलाही इथेच होऊन जातो. "हिला गणित जमत नाही" हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले की पुसता पुसत नाही. अकरावीला विज्ञान घ्यायचे की नाही, पुढे शिकवायचे की दहावीवर थांबवायचे, असे मोठे निर्णय त्या एका वाक्यावर होतात. मुलींच्या बाबतीत ते जरा जास्तच लवकर होतात, हे आपण सगळे जाणतो.

आम्ही मंठ्यात भाषा शिकवतो. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय, गणित नव्हे. तरीही या लेखात गणितावर लिहीत आहोत, कारण आमच्या मते 'गणित जमत नाही' या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली, सवाल वाचून, समजून तो चिन्हांत मांडणे. दुसरी, मांडलेला सवाल आकडेमोड करून सोडवणे. पहिले काम भाषेचे आहे, दुसरे हिशोबाचे. मूल नेमके कोठे अडते हे न पाहता आपण सगळ्या विषयावरच फुली मारतो.

या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून दाखवणारे एक साधन संगणकावर आहे. ते फुकट आहे, जुन्या संगणकावर चालते आणि एकदा बसवून घेतले की त्याला इंटरनेटही लागत नाही. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

प्रकरण एक, भाषा तीन

बालभारती हीच पुस्तके मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीतही काढते. गणित तेच, उदाहरणे तीच. पण मराठी पुस्तकात ज्याला 'समीकरण' म्हणतात त्याला उर्दूत 'मसावात' म्हणतात आणि इंग्रजीत 'इक्वेशन'. मराठीतला 'चल' उर्दूत 'मुतगय्यिर' होतो आणि इंग्रजीत 'व्हेरिएबल'.

आपल्या मराठवाड्यातली कितीतरी मुले सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकतात, मग मराठी शाळेत किंवा सेमी इंग्रजीच्या वर्गात जातात. सेमी इंग्रजी म्हणजे बाकीचे विषय मराठीत, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीत. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकच गणित दोन-तीन वर्षांत तीन नावांनी भेटते. घरात बोली दखनी, बाजारात मराठी, वहीत इंग्रजी. यात जे मूल चाचपडते ते मठ्ठ नसते. त्याचे शब्द मागे राहिलेले असतात, आणि ते गोळा करून घ्यायला कोणी त्याला वेळ दिलेला नसतो.

एका ओळीची आज्ञा

आता त्या साधनाकडे येऊ. त्याचे नाव 'ऑक्टेव्ह'. हा प्रोग्राम जॉन ईटन यांनी अमेरिकेत १९९२ मध्ये लिहायला घेतला. सुरुवातीचा हेतू साधा होता. रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार होणाऱ्या एका पाठ्यपुस्तकासोबत आकडेमोडीचे साधन हवे होते. नावावरून संगीतातले सप्तक आठवते, पण ते नाव ईटन यांचे शिक्षक ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांच्यावरून ठेवलेले आहे. हे प्राध्यापक कागदाच्या तुकड्यावर झटपट अंदाज काढण्यासाठी प्रसिद्ध होते. शिष्याने उस्तादाचे नाव प्रोग्रामला दिले आणि प्रोग्राम जगाला फुकट दिला. तो वापरण्याचा, वाटण्याचा आणि त्यात सुधारणा करण्याचा हक्क कोणालाही आहे.

त्याचा भाऊ शोभावा असा दुसरा प्रोग्राम म्हणजे फ्रान्समध्ये तयार झालेला 'सायलॅब'. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या पवईतील आयआयटीत, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने या सायलॅबच्या प्रसाराचे मोठे काम झाले आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मिशनच्या मदतीने तिथे 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर प्रोग्राम चालताना दिसतो आणि आवाज आपल्या भाषेत समजावून सांगतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे पाठ आहेत, आणि समीकरणे सोडवण्याचाही पाठ त्यांत आहे. या लेखात दिलेली समीकरणांची आज्ञा ऑक्टेव्ह आणि सायलॅब दोन्हींत तशीच चालते.

हे प्रोग्राम 'कमांड लाइन'वर चालतात. म्हणजे चित्रावर बोट ठेवले आणि काम झाले असे इथे नसते. पडद्यावर एक ओळ आपली वाट पाहत असते. तिथे आज्ञा टाईप करायची आणि एंटर दाबायचे. खालच्या ओळीत उत्तर येते. जुन्या काळच्या मुनीमजींसारखे समजा. गप्पा नाहीत, सजावट नाही. रक्कम सांगा, बेरीज घ्या.

दोन समीकरणे त्याला कशी सांगायची ते एका उदाहरणावरून पाहू. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ ने कमी आहे. दहा वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काय?

वडिलांचे वय 'व' आणि मुलाचे 'म' धरले, तर पहिले समीकरण व = ३म − ५. दुसरे व + १० = २(म + १०). दोन्ही नीट करून घेतली की अशी दिसतात:

व − ३म = −५
व − २म = १०

प्रोग्रामला अक्षरे लागत नाहीत, फक्त आकड्यांची चौकट लागते. तिला मॅट्रिक्स म्हणतात. प्रत्यक्षात हे सगळे इंग्रजी कीबोर्डवर टाईप करायचे असते. इथे समजण्यासाठी देवनागरीत देत आहोत:

अ = [१ −३; १ −२]
ब = [−५; १०]
अ \ ब

पहिल्या ओळीत 'व' आणि 'म' यांच्यासोबतचे आकडे आहेत. अर्धविराम म्हणजे एक समीकरण संपले, दुसरे सुरू झाले. दुसऱ्या ओळीत बरोबरच्या चिन्हापलीकडचे आकडे. तिसऱ्या ओळीतली उलटी तिरकी रेघ, जिला बॅकस्लॅश म्हणतात, हीच खरी आज्ञा: 'सोडव'. उत्तर येते ४० आणि १५. वडील चाळीस वर्षांचे, मुलगा पंधराचा. पडताळा घ्या. पंधराची तिप्पट पंचेचाळीस, त्यातून पाच गेले, चाळीस. दहा वर्षांनी पन्नास आणि पंचवीस, बरोबर दुप्पट.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. वजा चिन्ह त्याच्या आकड्याला चिकटवूनच टाईप करावे. मध्ये जागा सुटली तर प्रोग्राम दोन आकडे न समजता वजाबाकी समजतो.

तिचा हिशोब बरोबरच होता

हेच उदाहरण आम्ही आमच्या एका विद्यार्थिनीच्या वहीत पाहिले होते. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात, नंतर सेमी इंग्रजीत. घरी परिस्थिती बेताची. तिची अम्मी शाळेत आली होती ती एवढेच सांगायला, "सर, इसकू हिसाब आताच नै. दसवीं हुई तो बस."

वहीत उत्तर होते: वडील ८ वर्षांचे, मुलगा उणे १ वर्षाचा. उत्तर चुकले हे तिलाही कळत होते, कारण ज्याचा जन्मच झालेला नाही त्याचे वय काढणारी मुलगी ती नव्हती. म्हणून तिने तेच गणित चार वेळा सोडवले होते. चारही वेळा ८ आणि −१. पानाच्या कडेला बारीक अक्षरांत गुणाकार पुन:पुन्हा तपासलेले. आपल्याला बेरीज-वजाबाकीच येत नाही, असा तिचा पक्का समज झालेला.

आम्ही तिला शाळेतल्या जुन्या संगणकासमोर बसवले आणि तिने मांडलेली समीकरणे जशीच्या तशी ऑक्टेव्हमध्ये टाईप करायला सांगितली. एंटर दाबले. पडद्यावर उत्तर आले: ८ आणि −१.

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, ये भी गलत कर रहा?"

नाही. संगणकाने चूक केली नव्हती आणि तिच्या आकडेमोडीतही चूक नव्हती. तिने चारही वेळा हिशोब बिनचूक केला होता. खोट त्याच्या आधीच्या पायरीवर होती. इंग्रजी पुस्तकात वाक्य असते, 'फाइव्ह लेस दॅन थ्री टाइम्स'. इंग्रजीत पाच आधी येतात, तिप्पट नंतर. तिने शब्द जसे आले तसेच डावीकडून उजवीकडे लिहिले: व = ५ − ३म. आम्ही तिला एवढेच म्हणालो, "हेच वाक्य उर्दूत सांग." ती लगेच म्हणाली, "तीन गुना से पाँच कम." बोलता बोलताच तिचा हात वहीकडे गेला. उर्दूत आणि मराठीत तिप्पट आधी येते, पाच नंतर कमी होतात. आपल्या भाषेचा क्रम आणि समीकरणाचा क्रम एकच आहे. इंग्रजीचा उलटा आहे.

तिच्या अम्मीला आम्ही निरोप पाठवला की मुलीला हिशोब येतो, मशीनने तशी गवाही दिली आहे. तिला इंग्रजी वाक्ये उलगडायला शिकवावे लागेल, आणि ते काम भाषेच्या शिक्षकांचे आहे. यंदा ती दहावीला आहे. निकाल अजून लागायचा आहे. पण 'दसवीं हुई तो बस' हे वाक्य सध्या तरी त्या घरात पुन्हा बोलले गेलेले नाही.

याउलट मुलेही भेटतात. मांडणी पहिल्या फटक्यात बरोबर, पण वजाचे चिन्ह मध्येच हरवते. अशा मुलाची समीकरणे प्रोग्रामला दिली की उत्तर बरोबर येते. मग त्याला कळते की आपली समज पक्की आहे, हात तेवढा सावकाश चालवायचा आहे. दोघांनाही आपण 'कच्चा' म्हणतो, पण दोघांची दवा वेगळी आहे.

डाळ स्वस्त, तांदूळ महाग

मशीनवर डोळे मिटून भरवसा टाकावा, असे मात्र आम्ही सांगत नाही. त्याची एक खोड प्रत्येक पालकाला माहीत असावी.

समजा किराणा दुकानात २ किलो तूरडाळ आणि ३ किलो तांदूळ घेतले, बिल झाले ४३० रुपये. शेजारच्या खालांनी ३ किलो डाळ आणि २ किलो तांदूळ घेतले, त्यांचे बिल ५२० रुपये. यातून दोन्ही भाव निघतात. इथे संगणकही लागत नाही. दोन्ही बिलांची बेरीज केली की ५ किलो डाळ आणि ५ किलो तांदूळ मिळून ९५० रुपये, म्हणजे एक-एक किलो मिळून १९०. मोठ्या बिलातून लहान वजा केले की डाळ तांदळापेक्षा ९० रुपयांनी महाग. म्हणजे डाळ १४०, तांदूळ ५०. दहावीच्या पुस्तकात बेरीज-वजाबाकीची ही युक्ती दिलेली आहे आणि ती तोंडी करण्यातच मजा आहे.

आता खालांनी ४ किलो डाळ आणि ६ किलो तांदूळ घेतले आणि बिल ८६० झाले, असे धरा. हे आपल्याच बिलाची दुप्पट आहे. नवीन माहिती काहीच नाही. यातून भाव निघूच शकत नाहीत. डाळ १४० आणि तांदूळ ५० हेही बसते, डाळ १२५ आणि तांदूळ ६० हेही बसते. उत्तरे असंख्य आहेत.

हे आकडे ऑक्टेव्हला दिले तर तो आधी इंग्रजीत एक इशारा देतो की ही मॅट्रिक्स 'सिंग्युलर' आहे, म्हणजे हिच्यातून एकच एक उत्तर मिळणार नाही. पण इशारा देऊन तो थांबत नाही. त्याखाली आकडेही छापतो: डाळ ६६.१५, तांदूळ ९९.२३. असंख्य उत्तरांपैकी एक त्याने आपल्या नियमाने निवडलेले असते. डाळ तांदळापेक्षा स्वस्त! मंठ्याच्या बाजारात हा भाव सांगितला तर दुकानदार हसेल. पण ज्याने इशाऱ्याची ओळ वाचली नाही आणि ज्याला बाजार ठाऊक नाही, तो हेच उत्तर वहीत उतरवून घेईल.

तिसरा प्रकार याहून फसवा. दुप्पट मालाचे बिल ८६० ऐवजी ९०० लागले, तर दोन्ही बिले एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. कोणीतरी हिशोबात गडबड केली आहे किंवा मध्ये भाव बदलला आहे. इथे खरे उत्तर अस्तित्वातच नाही. तरी प्रोग्राम इशाऱ्याखाली दोन्ही बिलांशी कमीत कमी फरक पडेल असे आकडे देतो: ६८.६२ आणि १०२.९२.

दहावीच्या मुलाला आलेख शिकवताना हेच सांगतात. दोन रेषा एका बिंदूत छेदतात, किंवा एकमेकींवर बसतात, किंवा समांतर जातात. उत्तर एक, असंख्य किंवा शून्य. पुस्तकात हे कोरडे वाटते. तीन बिले समोर ठेवली की घरातल्या कोणालाही कळते.

आत काय चालते?

ही उलटी तिरकी रेघ करते तरी काय? काही जादू नाही. पुस्तकात 'एका चलाचा लोप करणे' म्हणतात तेच. पहिल्या समीकरणाला योग्य आकड्याने गुणून ते खालच्या प्रत्येकातून वजा करायचे, म्हणजे त्यांतून एक अक्षर गळते. मग दुसऱ्याने पुढचे अक्षर गाळायचे. शेवटी एका ओळीत एकच अक्षर उरते. त्याची किंमत काढून खालून वर चढत यायचे. ही रीत जर्मन गणिती गाउस याच्या नावाने ओळखली जाते, पण चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हिशोबाच्या काड्या मांडून लोक हेच करत होते.

दोन अक्षरांसाठी हे काम दोन मिनिटांचे. पण शंभर अक्षरे आणि शंभर समीकरणे असली तर सुमारे ३,३३,००० गुणाकार करावे लागतात. पूल बांधताना कोणत्या खांबावर किती भार येतो, वीज कोणत्या तारेतून किती वाहते, असे सवाल याच जातीचे असतात. तिथे संगणकाशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे दहावीचे पहिले प्रकरण हे अभियांत्रिकीच्या दाराची पहिली पायरी आहे. मूल तिच्यावरूनच परत फिरले, तर आतले दालन त्याला दिसतच नाही.

कधी कधी उत्तर ५० ऐवजी ५०.००० असे दिसते. त्याने घाबरू नये. संगणक आकडे सुमारे सोळा स्थळांपर्यंतच धरून ठेवतो, त्यामुळे दशांशाच्या फार पुढच्या घरात किंचित कचरा उरतो.

मकबऱ्याचा मेमार आणि भास्कराचार्यांचे घोडे

हा विषय परका नाही, हे मुलांना सांगायला आपल्याच इतिहासात भरपूर आहे. 'अल्जेब्रा' हा शब्दच बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. खलीफा मामून यांच्या काळात, इ.स. ८२० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि विरासतीच्या हिशोबांना दिलेला आहे. कोणाला किती हिस्सा हे शरीअत ठरवते आणि ते आलिमांनाच विचारावे. पण ठरलेले हिस्से रुपये-आण्यांत उतरवायला बीजगणित हवे होते. घरातल्या गरजेतून हे इल्म वाढले.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी, ज्यांचा जन्म १११४ चा, 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे ग्रंथ लिहिले. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला. 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातले फैजी यांनी १५८७ मध्ये केले. आणि 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदी यांनी केले. ताजमहालाचे मेमार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे चिरंजीव. औरंगाबादचा बीबी का मकबरा ज्यांनी उभारला ते अताउल्लाह हेच, असे मानले जाते. मकबऱ्याच्या दरवाजावरच्या लेखात अताउल्लाह यांच्यासोबत हंसपत राय यांचेही नाव आहे. सहलीला मकबरा पाहायला जाणाऱ्या आपल्या मुलांना घुमट आणि मिनार दाखवतो, तेव्हा हेही सांगावे की हा बांधणारा माणूस समीकरणांचा जाणकार होता आणि त्याने संस्कृत बीजगणित फारसीत आणले होते.

'बीजगणिता'तला एक सवाल आमच्या मुलांना फार आवडतो. आमच्या शब्दांत सांगतो. चार माणसे आहेत. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे, ७ बैल. दुसऱ्याकडे ३ घोडे, ७ उंट, २ खेचरे, १ बैल. तिसऱ्याकडे ६ घोडे, ४ उंट, १ खेचर, २ बैल. चौथ्याकडे ८ घोडे, १ उंट, ३ खेचरे, १ बैल. चौघांच्या जनावरांची एकूण किंमत सारखीच आहे. तर एकेका जनावराची किंमत काय?

यात एकूण किंमत किती ते दिलेलेच नाही. चार अज्ञात किमती आणि 'पहिला बरोबर दुसरा, दुसरा बरोबर तिसरा, तिसरा बरोबर चौथा' अशी समीकरणे तीनच. म्हणजे उत्तरे असंख्य. प्रोग्रामला काहीतरी आधार द्यावा लागतो. बैलाची किंमत १ धरली, तर बाकी समीकरणे अशी होतात:

अ = [२ −५ ६; −३ ३ १; −२ ३ −२]
ब = [−६; १; −१]
अ \ ब

उत्तर येते: घोडा २१.२५, उंट १९, खेचर ७.७५. मशीनचे काम इथे संपते. आता अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्याला ४ ने गुणायचे. घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाच्या जनावरांची किंमत ८५३ भरते. मुलांना कागदावर बेरीज करून पाहू द्या. भास्कराचार्यांचे सर्वांत लहान पूर्णांकी उत्तर हेच आहे. बैलाला १ धरावे हे मशीनने सुचवले नाही, ४ ने गुणावे हेही नाही. ते माणसाने ठरवले, आठशे वर्षांपूर्वीही आणि आजही.

घरी काय करावे?

पालकांना आमच्या काही सूचना आहेत.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. गुण पायऱ्यांना मिळतात. म्हणून मुलाने आधी वहीत पूर्ण गणित सोडवावे आणि मगच प्रोग्रामला विचारावे. आधी मशीन आणि मग वही असे झाले तर साधनाची कुबडी होईल.

उत्तर जुळले नाही तर रागावू नका. मुलाची समीकरणे जशी आहेत तशी मशीनला द्यायला सांगा. मशीनचे उत्तर वहीशी जुळले, पण पुस्तकाशी जुळले नाही, तर वाक्य समजण्यात चूक आहे. ते वाक्य घरच्या बोलीत बोलून घ्या. मशीनचे उत्तर पुस्तकाशी जुळले आणि वहीशी जुळले नाही, तर आकडेमोडीत चूक आहे. तिथे सराव हवा. हे तपासायला आई-वडिलांना बीजगणित यावे लागत नाही. तीन उत्तरे शेजारी ठेवून पाहता आली की पुरे.

इशाऱ्याची ओळ आली तर खालचे आकडे वहीत घेऊ देऊ नका. सवाल पुन्हा वाचायला लावा.

घरात संगणक नसेल तर शाळेत किंवा गावातल्या संगणक केंद्रात ऑक्टेव्ह किंवा सायलॅब बसवून द्या म्हणून सांगा. पैसे लागत नाहीत, त्यामुळे नाही म्हणायला कारणही उरत नाही. इंटरनेट असेल तर ऑक्टेव्ह फोनच्या ब्राउझरमधूनही चालवून पाहता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. "हिला गणित जमत नाही" असे म्हणण्याआधी एवढे विचारा की काय जमत नाही, वाक्य की आकडा? आकडा जमत नसेल तर सरावाने जमेल, आणि पुढच्या आयुष्यात आकड्यांचे ओझे वाहायला मशीन आहेच. वाक्य जमत नसेल तर आपण घरात, आपल्या जबानीत, शेजारी बसून ते समजावू शकतो. दोन्हींपैकी एकही कारण मुलीची तालीम थांबवण्याइतके मोठे नाही.

जाता जाता एक सवाल मुलांसाठी. ईदच्या दिवशी एका घरात मुलांना ईदी वाटली. काहींना ५० ची नोट मिळाली, काहींना १०० ची, प्रत्येकाला एकच. मुले १२ आणि एकूण रक्कम ८५० रुपये. ५० ची नोट किती जणांना मिळाली आणि १०० ची किती जणांना? आधी वहीत सोडवा, मग मशीनला विचारा. आणि उत्तर आल्यावर दादीजानना तोंडी विचारा. आमचा अंदाज आहे की त्या मशीनच्या आधी सांगतील.